अडीच तारे

पाचपैकी अडीच, असं लिहिलंय बंगळुरूच्या त्या माणसानं.
अर्धा तारा त्यानं कशानं कापला असेल,
मी दोन दिवस तेवढंच बघत होतो.
'ड्रम फार पुढे, गिटार चिखलात,
सगळं पत्र्याच्या डब्यात रेकॉर्ड केल्यासारखं.'
बरोबर आहे, साहेब. पत्राच होता.
परदेशीपुऱ्यात इरफानच्या मामाचं गोदाम,
चोवीस बाय चाळीस, मे महिना,
पंखा लावला की माइकमध्ये यायचा
म्हणून नऊच्या नऊ गाणी घामात वाजवली.
सातव्याच्या शेवटी जे घरंगळत येतं
तो सोलो नाही, शेजारच्या चक्कीचं शटर आहे.
ठेवलं. सुरात होतं.

पुण्याच्या एकानं नावावरच बोट ठेवलं:
'भोंगा', हे काय मेटल बँडचं नाव?
इंदूरहून आजवर आम्ही शेव मागवत आलो, असंही लिहिलं,
वाक्य जमल्याचा आनंद त्याच्या पूर्णविरामात दिसत होता.
त्याला कसं सांगू,
आमच्या गल्लीत घड्याळाचं काम भोंगा करायचा,
आणि एका वर्षी तो वाजला नाही
तरी माणसं कितीतरी दिवस
सातला डबा घेऊन दाराबाहेर येऊन उभी राहायची.
पहिलं गाणं तेवढंच आहे.
चाळीस सेकंद काहीच नाही, मग मी.
त्याला वाटलं, सीडी खराब निघाली.

इथल्या पेपरात फोटो आला. खाली छापलं:
'मंडळाच्या स्नेहसंमेलनात भक्तिगीते.'
मधोमध रेणुका, तोंड उघडं, मानेच्या शिरा ताणलेल्या.
तिची आई म्हणाली, भाव मात्र खरा आलाय.
आणि लांभाते बाई, अकरा वर्षं तिला ख्याल शिकवलेल्या,
त्यांनी हेडफोन अंबाडा सांभाळत चढवला,
डोळे मिटले,
तिसऱ्या गाण्यातली डरकाळी पूर्ण ऐकली.
'खर्ज भरतेस हल्ली,' म्हणाल्या.
'तेव्हा सांगून थकले.'
उद्या ये म्हणाल्या नाहीत.
येऊ नकोस असंही नाही.

छप्पन दुकानवर एकजण भेटला, फुकट सीडी नेलेला:
'भिया, सब बढ़िया है,
पर गाना कब चालू होता है?'

राहिले बाबा.
बावीस वर्षं विणाई खात्यात जॉबर,
शहाण्णव माग, कानात कापसाचे बोळे,
तरी दोन्ही कान त्यांनी
फंडाच्या पैशांसारखे मिलमध्येच सोडले.
रविवारी जेवण झाल्यावर
स्पीकरपुढे पाट ओढून बसले,
तळवा जाळीवर टेकवला,
तापल्या बेअरिंगवर ठेवायचे तसा.
सगळी नऊ. मध्ये पाणीसुद्धा नाही.

'चौथ्यात,' म्हणाले, 'धोटा परत येत नाही.'

चौथं गाणं, दोन मिनिटं अकरा सेकंद.
माझा डावा पाय तिथे एकदा पडलाच नाही.
मिक्स करताना निखिलला कळलं नाही,
बंगळुरूला नाही, पुण्याला नाही.
मला कळलं होतं.
तो चिखल, साहेब, मीच ओतला होता वर.

'परत विणता येईल?'
'नाही बाबा. दोनशे छापून झाल्या.'
'मग सेकंड. शिक्का मारा.'
थोड्या वेळानं, पाट उचलता उचलता:
'सेकंडचं कापड पडून नाही राहायचं कधी.
फाटकावर रांग लागायची.
तुझी शाळेची खाकी त्यातलीच.'

बोहरा बाजारात दीडशे रुपयांत रबरी शिक्का करून मिळाला.
जांभळी शाई.
उरलेल्या एकशे त्रेसष्ट कव्हरांवर आम्ही तो मारला,
काही तिरके बसले, एक इरफानच्या मनगटावर.
बाबांनी एक निवडली, उलटसुलट बघून.
साठची होती.
चाळीस मोजले.